अकरावीच्या विषयनिवडीबाबत पालक-शिक्षक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई

विषय : अकरावीतील ऐच्छिक विषयांची निवड, पदवी प्रवेशाच्या पात्रता-अटी आणि विषय बदलण्याची संधी यांबाबत.

महोदय,

अकरावीला प्रवेश घेताना मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते. कॉलेजच्या खिडकीवर अर्जातल्या एका चौकटीत त्याने केलेली खूण दोन वर्षांनी ठरवते, की ते अभियांत्रिकीच्या सीईटीला बसेल की नाही, ‘नीट’चा अर्ज भरू शकेल की नाही, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या हवाई दलाच्या जागांसाठी अर्ज करू शकेल की नाही. पात्रतेच्या अटी शासन आणि शिखर संस्था ठरवतात, विषयांची यादी मंडळ ठरवते, कोणता विषय शिकवायचा ते कॉलेज ठरवते. निर्णय चुकला तर वर्ष मात्र मुलाचे जाते. ही व्यवस्था बदलावी यासाठी हे मागणीपत्र आहे.

यापूर्वी आम्ही निवेदने दिली, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, बैठकांना हजर राहिलो. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ अशी उत्तरे आमच्या फायलीत आहेत. कोणती कार्यवाही, कोण करणार आणि कधी, हे त्यांपैकी एकाही उत्तरात नाही. म्हणून या वेळी प्रत्येक तक्रारीपुढे नेमका उपाय आणि त्याची मुदत आम्हीच लिहिली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते की कला, वाणिज्य, विज्ञान यांच्यात पक्क्या भिंती नसाव्यात आणि माध्यमिक स्तरावर विद्यार्थ्याला विषय निवडण्याची अधिक मोकळीक असावी. राज्याने हे धोरण स्वीकारले आहे. त्यामुळे पुढील मागण्या नव्या सवलतीसाठी नाहीत. स्वीकारलेल्या धोरणाचा अंमल कॉलेजच्या खिडकीपर्यंत पोहोचावा, एवढेच त्या सांगतात.

मागणी १ : विषयगटनिहाय जागा प्रवेशापूर्वी जाहीर करा

२०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाला. त्याआधी तो मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरता होता. विद्यार्थी १० पर्यंत पसंतीक्रम भरतो, पण तो भरतो कॉलेज आणि शाखेचा. त्या शाखेत कोणते विषय एकत्र घेता येतील आणि त्या गटाच्या जागा किती, याची हमी त्याला पसंतीक्रम भरताना कुठेच मिळत नाही. ते कळते प्रवेश निश्चित करायला गेल्यावर.

तिथे काय होते, ते आमच्या सदस्यांनी तालुक्याच्या गावच्या एका कॉलेजात उभे राहून पाहिले. खिडकीतून अर्ध्या पानाचा छापील कागद बाहेर येतो. त्यावर गट अ, गट ब, गट क. ‘ब’ गटापुढे पेनाने आडवी रेघ मारलेली. विचारले तर उत्तर येते, “त्या विषयाला सर नाहीत.” रांगेत मागे पन्नास जण. फी त्याच दिवशी भरायची, नाही तर मिळालेली जागा जाते. वडील मुलीकडे पाहतात, मुलगी कागदाकडे. दोन मिनिटांत ‘अ’ गटावर खूण होते आणि कागदाच्या तळाशी, विषय बदलून मिळणार नाही या छापील ओळीखाली, पालकाची सही घेतली जाते. त्या सहीला संमती म्हणणे आम्हाला मान्य नाही.

उपाय असा : प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने कोणते विषयगट शिकवले जातील, प्रत्येक गटात किती जागा आहेत आणि त्या विषयाला मान्यताप्राप्त शिक्षक आहे की नाही, ही माहिती पहिली फेरी सुरू होण्यापूर्वी किमान १५ दिवस पोर्टलवर भरावी. पसंतीक्रम कॉलेज, शाखा आणि विषयगट असा तीन पायऱ्यांचा असावा. जाहीर केलेला गट प्रवेशानंतर रद्द करणाऱ्या कॉलेजाने त्या विद्यार्थ्याची जवळच्या कॉलेजात तोच गट मिळण्याची सोय स्वखर्चाने करावी. कॉलेजांची नोंदणी, तुकड्या आणि प्रवेशक्षमता पोर्टलवर आधीच आहेत. त्यात एक रकाना वाढवायचा आहे.

मागणी २ : पात्रतेचा एकच अधिकृत तक्ता द्या

आज ही माहिती दहा ठिकाणी विखुरलेली आहे. सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिका वेगळ्या, वैद्यकीय आयोगाच्या सूचना वेगळ्या, वास्तुकला परिषदेच्या अटी वेगळ्या, केंद्रीय विद्यापीठांचे नियम आणखी वेगळे. यांतल्या बहुतेक पुस्तिका बारावीच्या विद्यार्थ्यासाठी बारावीच्या वर्षात निघतात. ज्याला त्यांची खरी गरज आहे, तो दहावीचा विद्यार्थी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

काही उदाहरणे देतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लष्करी शाखेला बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात, ते सर्वांना सारखेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ही परीक्षा मुलींना खुली झाली. पण डॉक्टर व्हायचे म्हणून अकरावीत गणित सोडलेल्या मुलीसाठी तो दरवाजा उघडला त्याच दिवशी अर्धा बंद होता. मर्चंट नेव्हीच्या पदवी अभ्यासक्रमांना भौतिक, रसायन, गणित यांत मिळून ६० टक्के लागतात. कोकणातल्या कितीतरी मुलांना हे बारावीच्या निकालानंतर समजते.

माहिती नसल्याचे दुसरे टोकही आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. बी.फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. कृषीला पीसीएम गटाचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. हे ठाऊक नसल्यामुळे असंख्य मुले ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतात आणि दोन वर्षे चार जड विषय ओढतात. दोन्हींची आवड असेल तर जरूर घ्यावेत. धास्तीने घेतलेल्या विषयात मूल दोन्हीकडे मागे पडते, हे आमच्यातल्या शिक्षकांनी वर्गात पाहिलेले आहे.

उपाय : सीईटी कक्ष आणि मंडळ यांनी मिळून दर वर्षी ३१ जानेवारीपर्यंत मराठीत एक तक्ता प्रसिद्ध करावा. एका बाजूला पदवी अभ्यासक्रम, दुसऱ्या बाजूला बारावीचे अनिवार्य विषय, किमान टक्केवारी आणि प्रवेश परीक्षा. तो दहावीच्या प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर लागावा, प्रवेशाच्या पोर्टलवर असावा आणि दहावीच्या प्रवेशपत्रासोबत त्याची छापील प्रत विद्यार्थ्याच्या हातात पडावी. मंडळाची प्रवेशपत्रे शाळा ऑनलाइन घेऊन विद्यार्थ्यांना छापून देतातच. पोर्टलवर विद्यार्थी विषयगट निवडेल तेव्हा ‘या गटातून पुढील अभ्यासक्रमांना अर्ज करता येणार नाही’ अशी यादी पडद्यावर यावी आणि ती वाचल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये.

मागणी ३ : वाणिज्य आणि कला शाखेत गणित मिळाले पाहिजे

हा आमचा सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

वाणिज्य शाखेत गणित आणि चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘मॅथ्स की एसपी’, यांतून बहुतेक ठिकाणी एक निवडायचे असते. मोठ्या शहरांत निवड खरोखर असते. तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा एसपी हाच एक पर्याय उरतो, कारण कॉलेजने वाणिज्याच्या गणिताचा शिक्षक नेमलेलाच नसतो. तीच मुले पुढे सीए फाउंडेशनला बसतात. त्या परीक्षेच्या १०० गुणांच्या चार पेपरांपैकी एक संपूर्ण पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. दोन वर्षे गणिताला हात न लावलेल्या मुलाने तो पेपर कशाच्या बळावर द्यायचा? दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचे गणित लागते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ला ते लागतेच. या संस्थांत महाराष्ट्रातील ग्रामीण मुले कमी का जातात, असा प्रश्न व्यासपीठांवरून विचारला जातो. त्याचे एक उत्तर त्या छापील कागदावरच्या आडव्या रेघेत आहे.

कला शाखेची गोष्ट तर आणखी खटकणारी. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘गणित आणि संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असे स्वच्छ छापलेले आहे. म्हणजे मंडळाच्या लेखी कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय घेण्याचा अधिकार आहे. प्रत्यक्षात अर्थशास्त्र आणि भूगोलाबरोबर गणित घेऊ इच्छिणाऱ्याला ‘कलाला गणित कशाला?’ असे ऐकवून परत पाठवले जाते. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल या सगळ्यांना आज संख्याशास्त्राची जोड लागते. मंडळाने दिलेला अधिकार कॉलेजने वेळापत्रकाचे कारण सांगून काढून घ्यावा, हे आम्ही यापुढे मान्य करणार नाही.

शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शुल्कमाफी दिली. निर्णय चांगला आहे, आम्ही त्याचे जाहीर स्वागत केले. पण जिच्या गावच्या कॉलेजात विज्ञान शाखा नाही, किंवा आहे तिथे गणिताचा गट चालवत नाहीत, तिच्यासाठी अभियांत्रिकीची शुल्कमाफी कागदावरच राहते. पदवीवर केलेला खर्च सार्थकी लागायचा तर विषयावरचा खर्च आधी करावा लागेल.

उपाय : तालुक्यातील सर्व कॉलेजे मिळून एखाद्या विषयाला १५ विद्यार्थ्यांनी लेखी मागणी केली, तर त्या तालुक्यात तो विषय शिकवणे बंधनकारक असावे. प्रत्येक कॉलेजने स्वतंत्र शिक्षक नेमावा असा आमचा आग्रह नाही. एका कॉलेजला केंद्र करून इतर कॉलेजांच्या मुलांना त्या तासाला तिथे बसू द्यावे, हजेरी आणि अंतर्गत २० गुणांची नोंद मूळ कॉलेजात व्हावी. कायम पद मंजूर होईपर्यंत तासिका तत्त्वावर शिक्षक नेमण्याची परवानगी शिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर द्यावी; ती फाइल मंत्रालयात जाण्याची गरज नाही. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. एक वर्ग, एक फळा आणि वेळेवर मानधन मिळणारा शिक्षक एवढ्यावर हा विषय उद्या सुरू होऊ शकतो.

मागणी ४ : द्विलक्षी विषय घेताना काय सुटते, ते लेखी सांगा

संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यशास्त्र, पीकशास्त्र असे द्विलक्षी विषय २०० गुणांचे असतात. असा विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. संगणकशास्त्र घेणाऱ्या बहुतेकांचे जीवशास्त्र सुटते. कॉलेजच्या पत्रकात मात्र द्विलक्षीचे फायदे असतात, सुटणाऱ्या विषयांचा उल्लेख नसतो. प्रवेशाच्या वेळी मूळ सहा विषय आणि द्विलक्षीसह विषय अशा दोन याद्या शेजारी शेजारी छापलेला कागद पालकाला देऊन त्याची पोच घ्यावी.

याच जागी मराठीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. माहिती तंत्रज्ञान हा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो आणि गुण चांगले पडतात म्हणून मुले तो घेतात. त्यात मुलांचा दोष नाही. पण मराठी आणि संगणक यांना एकाच चौकटीत समोरासमोर उभे करण्याची रचना मंडळाची आहे. माहिती तंत्रज्ञान इतर ऐच्छिक विषयांच्या गटातूनही घेता यावे, म्हणजे मराठी ठेवून संगणक शिकता येईल.

मागणी ५ : चूक दुरुस्त करण्याचा रस्ता ठेवा

पंधराव्या वर्षी केलेली निवड बदलावीशी वाटणे यात गैर काही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे मान्य केले. आधी ‘नीट’साठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र दोन वर्षे सलग शिकलेले असण्याची अट होती. आता बारावीनंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाराही पात्र ठरतो. देशाच्या वैद्यकीय शिक्षणाच्या शिखर संस्थेने दार उघडले. त्या दारापर्यंत जाणारी वाट राज्याने नीट केलेली नाही.

तुरळक विषय घेऊन परीक्षेला बसण्याची सोय मंडळाकडे आहे. पण हा विद्यार्थी कोणत्याच कॉलेजचा नसतो. त्याला शिकवायला कोणी बांधील नाही. जीवशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे, आणि प्रयोगशाळा त्याने शोधायची कुठे? खासगी क्लासचे हजारो रुपये भरणे ज्याला परवडते, त्याच्यासाठीच ही सोय उरते.

उपाय दोन. पहिला, अकरावीत शाखेअंतर्गत विषय बदलण्याची मुदत वर्ग सुरू झाल्यापासून ४५ दिवस असावी. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मेला लागला आणि अकरावीचे वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले. फेऱ्या लांबल्या तर मुलांनी त्याचा तोटा सोसू नये. मुदत प्रत्यक्ष वर्ग सुरू झाल्या दिवसापासून मोजावी, शुल्क घेऊ नये, आणि गटात जागा असेल तर प्राचार्यांनी नकार देऊ नये. नकार द्यायचा झाल्यास तो लेखी, कारणासह आणि सात दिवसांत.

दुसरा, प्रत्येक जिल्ह्यात किमान दोन अनुदानित कॉलेजे तुरळक विषयांची केंद्रे म्हणून जाहीर करावीत. तिथे गणित आणि जीवशास्त्राचे वर्ग शनिवार-रविवारी आणि सुटीत भरतील, प्रात्यक्षिके होतील, आणि शुल्क अनुदानित कॉलेजच्या नियमित शुल्कापेक्षा जास्त नसेल. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वाटा आहे. म्हणजे नीट आखलेल्या एका वर्षात विद्यार्थी ही दरी भरून काढू शकतो.

मागणी ६ : समुपदेशन परीक्षेपूर्वी, आणि माणसाकडून

२०१६ मध्ये शासनाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली. हेतू योग्य होता. पण अहवाल हातात आल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगायला शाळेत कोणी नव्हते. आमची मागणी साधी आहे : दर दहा माध्यमिक शाळांमागे एक प्रशिक्षित समुपदेशक, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात प्रत्येक शाळेत किमान दोन भेटी, त्यांपैकी एक पालकांसह आणि पालकांना कामावरून येता येईल अशा वेळी.

मागणी ७ : अकरावीनंतर अटी बदलू नका

मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पुस्तिकेत १४ विषयांची यादी देऊन त्यांपैकी तीन विषय असले तरी अभियांत्रिकीला चालेल असे सूचित झाले. गदारोळ उठल्यावर गणिताचे महत्त्व कायम आहे आणि संस्थांवर बंधन नाही, असा खुलासा परिषदेनेच केला. मधल्या दिवसांत दहावीच्या घरांत काय गोंधळ झाला असेल, याचा विचार कोणी केला नाही. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना प्रथमच राज्याची सीईटी लागू झाली. ती देणारी मुले तोवर बारावीला पोहोचली होती, आणि अकरावीचे विषय निवडताना अशी परीक्षा अस्तित्वातच नव्हती.

केंद्रीय संस्थांच्या अटी राज्याच्या हातात नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. पण राज्याच्या हातात असलेल्या अभ्यासक्रमांना एक नियम लावता येतो : विषयाची अट कडक करणारा किंवा नवी प्रवेश परीक्षा आणणारा कोणताही निर्णय, तो जाहीर झाल्यानंतर अकरावीत येणाऱ्या तुकडीपासूनच लागू व्हावा. अट सैल करणारा निर्णय मात्र लगेच लागू करावा. केंद्रीय संस्थांकडेही राज्याने हीच भूमिका लेखी मांडावी आणि त्या पत्राची प्रत आम्हाला द्यावी.

मुदत

मागणी १, २, ४ आणि ७ यांना नवी पदे किंवा इमारती लागत नाहीत. त्या येत्या अकरावी प्रवेशाची पहिली फेरी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हाव्यात. मागणी ३ आणि ५ यांची सुरुवात त्याच शैक्षणिक वर्षात प्रत्येक विभागीय मंडळाच्या क्षेत्रातील किमान एका जिल्ह्यात करावी आणि पुढील वर्षी त्या राज्यभर न्याव्यात. मागणी ६ साठी दोन वर्षांचा अवधी आम्हाला वाजवी वाटतो. तालुकानिहाय विषय-मागणीच्या नोंदी गोळा करण्याचे काम आमची संघटना विनामोबदला करील. त्या स्वीकारण्यासाठी प्रत्येक शिक्षणाधिकारी कार्यालयाने एक टेबल आणि एक आवक क्रमांक द्यावा.

या मागणीपत्राचे उत्तर ३० दिवसांत लेखी मिळावे. त्यात प्रत्येक मागणीपुढे तीन गोष्टी असाव्यात : मान्य की अमान्य, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि काम पूर्ण होण्याची तारीख. अमान्य असेल तर कारण. या तीन गोष्टी नसलेले उत्तर आम्ही उत्तर मानणार नाही आणि पुढील बैठक विभागीय मंडळाच्या दारात, पालक आणि विद्यार्थ्यांसह घेऊ.

आपले,
अध्यक्ष आणि सचिव
पालक-शिक्षक संघटनेच्या सर्व सदस्यांच्या वतीने